कपाटातला चष्मा आणि जपाचा काउंटर

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि राज्यातल्या सर्व जिल्हा नियोजन समित्यांचे अध्यक्ष व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. १९ वर्षं झाली या कामाला. पहिली ६ वर्षं एका सरकारी रुग्णालयात, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर काढली. त्यानंतर तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मागच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या, त्या आजतागायत.

पत्राचं निमित्त तसं छोटं आहे. दिवाळीनंतर एक तरुण विक्रेता ओपीडीत आला. पाठीवरच्या सॅकमधून त्याने व्हीआरचा, म्हणजे आभासी वास्तव दाखवणारा, चष्मा काढला आणि माझ्या डोळ्यांवर चढवला. चष्मा कसला, पोहण्याच्या गॉगलचा थोरला भाऊच तो. समोर निळा समुद्र आणि वर तरंगणारे फुगे. हात नेला की फुगा फुटतो. पक्षाघाताने लुळा पडलेला हात अशा खेळातून हलता करायचा, ही कल्पना. मला मजा वाटली, खोटं कशाला सांगू. मग तो म्हणाला, "मॅडम, सरकारी ठिकाणी आम्ही हे जिल्हा नियोजनातून बसवून देतो. मागणी फक्त खालून यायला लागते. सिव्हिलला ओळखीचं कुणी आहे का तुमच्या?"

मागणी खालूनच यायला लागत असेल तर ही घ्या, खालूनच आलेली आहे. ती त्या मुलाला हवी तशी नाही, एवढंच.

आमच्याकडे पक्षाघाताला पक्षाघात कुणी म्हणत नाही. "आण्णांच्या अंगावरून वारं गेलं," असं सांगत लोक येतात. वारं गेलं म्हटलं की जणू दार उघडं राहिलं म्हणून झालं, आणि आता कुणाच्या हातात काही नाही, असा सूर आपोआप लागतो. प्रत्यक्षात ही या राज्याच्या खेड्यापाड्यांतली मोठी गोष्ट आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली होती, एप्रिल २०११ ते मार्च २०१३. त्यात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण निघालं पक्षाघात, शंभरातले १४ मृत्यू. मलेरियासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात. हे झाले गेलेले. जे वाचतात ते माझ्याकडे येतात, म्हणजे त्यांतले थोडे येतात. बाकीचे पडवीत खाटेवर असतात.

आता चष्म्याकडे येण्याआधी एका अंगठीबद्दल सांगते.

सासूबाई आळंदीहून जपाचे दोन काउंटर घेऊन आल्या. बोटात घालायचे, अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने पुढे. एक त्यांना, एक मला. सूनबाई नामस्मरणाला लागेल अशी त्यांची आशा. मी तो ओपीडीत नेला. पेशंटचा लुळा हात एका सेशनमध्ये खऱ्या अर्थाने किती वेळा कामाला लागतो, हे मला मोजायचं होतं. ठोकळ्याकडे हात नेला, पकडला, उचलला, सोडला, की एक टिचकी. मी हलवून दिलेला हात धरायचा नाही. शेक, करंट, गप्पा, "मॅडम जरा पाणी पिऊन येतो" हेही नाही.

पाऊण तासात आकडा आला २८. दुसऱ्या पेशंटचा ४१. तिसऱ्याचा ३५, आणि तो माझा सगळ्यात मेहनती पेशंट. मला वाटलं होतं दीडशे तरी असतील. घरी जाताना लाजच वाटली.

नंतर कळलं की ही फक्त माझी लाज नव्हती. अमेरिकेतल्या संशोधक कॅथरिन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसून ३१२ सेशन्स मोजली होती, २००९ साली ते छापून आलं. हाताच्या कामाच्या हालचाली एका सेशनला सरासरी ३२. आणि प्रयोगशाळेत उंदीर-माकडांच्या मेंदूत बदल होताना दिसतात ते दिवसाला चारशे-सहाशे हालचालींनंतर. म्हणजे आम्ही औषध तर बरोबर देत होतो, पण चमचाभर द्यायच्या जागी थेंबभर.

मेंदूचा मेलेला भाग परत उगवत नाही. शेजारचा भाग त्याचं काम शिकतो, आणि शिकतो तो केल्याने, पुन्हापुन्हा केल्याने, चुकत केल्याने. अक्षर गिरवल्यासारखं आहे हे. दुसऱ्याने हात धरून पाटी भरून दिली तर मूल लिहायला शिकत नाही. म्हणून मालिशने हात सुधारत नाही, करंटने फारसा सुधारत नाही, आणि कबुतराच्या रक्ताने तर नाहीच. (हो, अजून चालतं. गेल्याच पावसाळ्यात एक कुटुंब ५० किलोमीटर जाऊन ते करून आलं होतं. मी रागावले नाही. मी त्यांना आठवड्यात दोनच दिवस देऊ शकत होते, कबुतरवाला रोज देत होता.)

वेळेचंही गणित आहे. अमेरिकेत ७२ पेशंटवर केलेला एक अभ्यास २०२१ ला आला. सगळ्यांना नेहमीच्या उपचाराखेरीज जास्तीचे २० तास द्यायचे होते, पण कुणाला पहिल्या महिन्यात, कुणाला दोन-तीन महिन्यांनी, कुणाला सहा महिने उलटल्यावर. हात सगळ्यात जास्त सुधारला तो दोन-तीन महिन्यांवाल्यांचा. त्यानंतर दार बंद होतं असंही नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात तीन आठवड्यांत ९० तास काम करून घेतात, आणि आजार जुना झालेल्या लोकांचेही हात तिथे सुधारले आहेत. पण ९० तास म्हणजे किती, ते बघा. माझ्याकडे आठवड्याला दोनदा येणाऱ्या पेशंटला तेवढं मिळायला वर्ष जाईल.

आणि आपल्याकडे दोन-तीन महिन्यांचा तो नेमका काळ पेशंट कुठे असतो? घरी. महात्मा फुले योजनेतून दाखल असतानाचे उपचार झाले, नवव्या-दहाव्या दिवशी सुट्टी मिळाली, डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी शेवटची ओळ: "घरी व्यायाम चालू ठेवा." कोणता व्यायाम, किती वेळा, कोण मोजणार, काही नाही.

खेळांचा संबंध इथे येतो. चमत्कार म्हणून नाही, मोजमाप म्हणून.

आमच्याकडे एक एसटीचे चालक होते, वय ५६, डावी बाजू गेलेली. पहिल्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, गिअर पडेल का?" लाकडी ठोकळे या डब्यातून त्या डब्यात टाकायला दिले की दहाव्या ठोकळ्याला त्यांचा चेहरा पडायचा. बालवाडीत बसवल्यासारखं वाटतं, असं त्यांनी एकदा बोलूनही दाखवलं. त्या वर्षी माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, त्याच्या ग्रुपला प्रोजेक्ट हवा होता. माझ्याकडे जुना टीव्ही होता, त्यांनी कुठून तरी सेकंडहँड काइनेक्ट पैदा केला, तो टीव्हीखाली बसून माणसाच्या हालचाली टिपणारा कॅमेरा. पोरांनी दोन खेळ केले. एकात झाडाच्या कैऱ्या तोडून टोपलीत टाकायच्या. दुसऱ्यात घाट उतरणारी लाल बस, डाव्या हाताने गिअर टाकायचा, नाहीतर वळणावर बस रेंगाळते. भाच्याने हॉर्नचा आवाज खऱ्या बसमधून मोबाईलवर रेकॉर्ड करून आणला होता.

पहिल्या दिवशी जपाच्या काउंटरवर आकडा होता १९४. मी दोनदा बघितला.

ते स्वतःहून थांबले नव्हते. बाहेर बाकावर बसलेल्या बाईंचा नंबर आला म्हणून मीच थांबवलं.

पण गोष्ट इथेच संपवली तर मी त्या विक्रेत्याची बहीण ठरेन. तिसऱ्या दिवशी त्यांचा स्कोअर एकदम वाढला. मागे उभी राहून बघितलं तर हात होता तिथेच होता. पठ्ठ्या कमरेतून अख्खा पुढे झुकत होता, खांदा कानापर्यंत उचलत होता, आणि यंत्राला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. कॅमेऱ्याच्या लेखी हात पुढे आला, गिअर पडला, गुण मिळाले. अशी पंधरा दिवस 'प्रगती' झाली असती तर चुकीची सवय हाडीमासी खिळली असती आणि वर खांदा दुखायला लागला असता. मी त्यांची छाती पंचाने खुर्चीच्या पाठीला बांधली. स्कोअर धाडकन खाली आला. ते चिडले, माझ्याशी दोन दिवस नीट बोलले नाहीत. पण आता हात कोपरातून सुटत होता.

दुसरी गोष्ट कैऱ्यांच्या खेळात दिसली. झाडाच्या उजव्या बाजूच्या कैऱ्या पटापट संपायच्या, डावीकडच्या तशाच लटकत राहायच्या. घरच्यांना विचारलं, जेवताना ताटातलं काय उरतं? बायको म्हणाली, "डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच असते. मला वाटलं तोंडाची चव गेली." चव गेली नव्हती. मेंदूने जगाची डावी बाजूच वगळली होती. असा माणूस जिना उतरताना, रस्ता ओलांडताना काय करेल, याचा विचार करा. ही गोष्ट खेळाने दाखवली, मान्य. पण ती बघायला तिथे कुणीतरी उभं होतं, आणि ताटाचं विचारायचं असतं हे त्याला ठाऊक होतं.

(गिअर पडला का? जिल्ह्याला जाणारी गाडी त्यांनी परत चालवली नाही. स्कूटर ढकलत अंगणातून बाहेर काढतात, चहाचा कप डाव्या हाताने धरतात. शेवटच्या भेटीत त्यांनी भाच्याला सुनावलं, घाटात तिसऱ्यावर उतरतात, तुझ्या गेममध्ये चौथा कशाला ठेवलाय?)

आता तुमच्यापुढे येणाऱ्या प्रस्तावात लिहिलेलं असेल की व्हीआरने पक्षाघाताचे रुग्ण झपाट्याने बरे होतात, जगभर सिद्ध झालंय. झालं आहे ते वेगळंच आहे, आणि मला विचाराल तर ते जास्त उपयोगाचं आहे.

टोरोंटोच्या डॉ. गुस्ताव्हो सापोस्निक यांनी कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमधल्या १४ रुग्णालयांत एक चाचणी घेतली, २०१६ साली ती लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आली. पेशंट १४१. निम्म्यांना 'निन्टेंडो वी' या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरचे खेळ, निम्म्यांना पत्ते, बिंगो, ठोकळ्यांचा मनोरा, चेंडू. वेळ दोघांनाही सारखा, दोन आठवड्यांत तासातासाची दहा सेशन्स. निकाल? दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. पत्ते हरले नाहीत! अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी तर पडद्यावरचा एक डॉल्फिन हाताच्या हालचालीने पोहवायचा देखणा खेळ बनवला. २४ पेशंटवर तो नेहमीच्या व्यवसायोपचाराशी, म्हणजे रोजच्या कामांतून हात परत मिळवायच्या उपचाराशी, ताडून बघितला, पण नेहमीचा उपचारही तितकेच तास दिला. तिथेही फरक निघाला नाही. फरक निघाला तो या दोन्ही गटांत आणि आधीच्या, कमी तास मिळालेल्या पेशंटमध्ये. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ ला ७२ चाचण्या आणि २४७० पेशंट एकत्र मांडले. त्यांचं तेव्हाचं म्हणणं थोडक्यात असं: नेहमीचा उपचार काढून त्या जागी व्हीआर ठेवलं तर हाताला जादा फायदा दिसत नाही, पण नेहमीच्या उपचारात त्याची भर घालून एकूण वेळ वाढवला तर उपयोग होऊ शकतो.

म्हणजे सगळं येऊन ठेपतं ते तासांवर. खेळ तास भरून काढायला मदत करतो, कारण माणूस कंटाळत नाही, आणि मोजणी आपोआप होते. खेळाचं काम तेवढंच, पण ते थोडं नाही. १९ वर्षांत मी सर्वांत जास्त झगडले असेन तर ती कंटाळ्याशीच.

दुसरी एक बारीक गोष्ट प्रस्तावात हरवते. या चाचण्यांमधलं 'आभासी वास्तव' म्हणजे डोक्यावरचा चष्माच असतो असं नाही. वी हा टीव्हीसमोर उभं राहून खेळायचा खेळ. माझा काइनेक्टही तसाच. विक्रेता पुरावा दाखवतो टीव्हीचा आणि कोटेशन देतो चष्म्याचं.

चष्म्याला माझा विरोध नाही. काहींना तो खरंच गुंगवून टाकतो, वॉर्डातला वास आणि शेजारच्याचं कण्हणं विसरायला लावतो. पण जरा आमच्या ओपीडीत उभे राहा. बायकांच्या डोक्याला खोबरेल तेल असतं, पट्टा निसटतो. आतला स्पंज तिसऱ्या पेशंटपर्यंत घामाने आणि कुंकवाने ओला झालेला असतो, पुसायचा कशाने हे कुणी सांगितलेलं नसतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाबांना धूसर दिसतं. पाचव्या मिनिटाला एखाद्याला मळमळतं, आणि ज्याचा एक पाय मुळात लटपटतो त्याला खोली दिसेनाशी करून उभं करणं म्हणजे पडायला आमंत्रण. फिट येऊन गेलेला पेशंट असेल तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय मी चष्मा लावणार नाही. शिवाय आत खेळ कुठला, तर चेंडूने बाटल्या पाडायची बोलिंगची गल्ली. आमच्या एका आजीबाईंनी विचारलं, त्या बाटल्या कशाला पाडायच्या, कुणाच्या आहेत? त्यांनी आयुष्यभर दाणे निवडले, भाकऱ्या थापल्या, वाफे खुरपले. त्यांना परातीत पीठ दाखवा, थापायला हात आपोआप उघडतो की नाही बघा.

आणि कपाट. नाव घेत नाही, कारण ज्यांनी मला ते दाखवलं त्यांची नोकरी तिथेच आहे. एका सरकारी रुग्णालयात असा कक्ष झाला. नारळ फुटला, फीत कापली, वर्तमानपत्रात फोटो आला, फोटोत चष्मा पालकमंत्र्यांच्या डोळ्यांवर. पेशंट एकही नव्हता. मी गेले तेव्हा चष्मे गोदरेजच्या कपाटात होते, खोक्यासकट. सॉफ्टवेअरची पहिल्या वर्षाची वर्गणी संपली होती, दुसऱ्या वर्षाची कोणत्या हेडमधून भरायची याची फाईल फिरत होती. पासवर्ड कंपनीच्या माणसाकडे, आणि त्याने कंपनी सोडलेली. फिजिओची दोन पदं मंजूर, भरलेलं एक, आणि त्या मॅडमना त्या आठवड्यात शिबिराची ड्युटी. मला राग कुणाचाच आला नाही. सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. ज्या कामाला पैसे मिळतात ते काम झालं होतं.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी रुक्ष आहे. यंत्राच्या प्रस्तावाला पदाची अट जोडा. ज्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ नियमित पदावर बसलेला नाही, तिथे चष्मा देऊ नका. एका चष्म्याच्या कक्षाच्या पैशांत काय काय होतं याचा हिशोब तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगला असेल. तुम्ही म्हणाल, नियोजन समितीच्या निधीतून पगार देता येत नाहीत, ती भांडवली खर्चाची बाब. माहीत आहे. म्हणूनच पत्र मंत्रिमहोदयांनाही लिहिलंय, दोघांनी एका टेबलावर बसावं म्हणून.

खरेदी करायचीच असेल तर निविदेत "संच" लिहू नका, तास लिहा. दर महिन्याला किती पेशंट, प्रत्येकाचे किती तास, प्रत्येक तासाला हाताच्या किती हालचाली. यंत्र हे मोजतंच, त्यासाठी वेगळा कारकून लागत नाही. तेवढा एक आकडा दर तिमाहीला समितीपुढे ठेवायला लावा. विक्रेत्याचा शेवटचा हप्ता त्या आकड्यावर ठेवा. निम्मे विक्रेते त्याच दिवशी गळतील, आणि जे उरतील त्यांच्याशी बोलण्यात अर्थ आहे.

परदेशी कंपनीच्या बंद पेटीत अडकू नका, हेही सांगायचंय. काइनेक्ट २०१० साली आला. जगभरच्या फिजिओंनी, संशोधकांनी त्यावर खेळ रचले, आणि २०१७ ला कंपनीने तो बनवणंच बंद केलं. माझा बिघडला तेव्हा दुसरा मिळेना. आता भाच्याचे ज्युनिअर तोच कैऱ्यांचा खेळ लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्यावर चालवतात, हाताचे सांधे ओळखणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून 'प्लूटो' नावाचं हाताचं छोटं यंत्र केलं, मनगट आणि बोटं हलवली की पडद्यावरचा खेळ चालतो. म्हणजे देशात हे होतं. आपल्याकडे इंजिनिअरिंगची कॉलेजं गल्लोगल्ली आहेत, शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्ट सापडत नाहीत, आणि शेजारच्याच इमारतीत फिजिओथेरपीचं कॉलेज असतं. दोघांमधली भिंत पाडायला निधी लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

आणि हे या राज्याला उपरंही नाही. कामातून, खेळातून हात परत मिळवायचा, ही विद्या देशात शिकवायला सुरुवात झाली ती मुंबईत. १९५० साली केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली. मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी, लग्न करून निंबकर झाल्या. हाजीअलीची पुनर्वसन संस्था १९५५ ची. सत्तर वर्षं झाली तरी माझ्या तालुक्यात "व्यवसायोपचार" म्हटलं की लोकांना कर्जाची योजना वाटते.

राहता राहिलं घर. पेशंट तिथे आहे, तर खेळ तिथे जायला हवा. इथे मात्र एक इशारा आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. 'अटेंड' नावाची चाचणी भारतातल्या १४ रुग्णालयांत झाली, १२५० पेशंट होते, २०१७ साली लॅन्सेटमध्ये आली. घरच्या माणसाला शिकवून घरीच पुनर्वसन करून घ्यायचं, अशी कल्पना होती. सहा महिन्यांनी बघितलं तर मृत्यू आणि परावलंबन मिळून दोन्ही गटांत सारखंच, शंभरात ४७. मला हा निकाल वाचून वाईट वाटलं, कारण मीही तेच करत आले होते: सुनेला व्यायाम दाखवायचे आणि घरी पाठवायचं. पण सुनेला म्हैस आहे, दोन पोरं आहेत, सासऱ्यांचं अंथरूण आहे. तिच्याकडून फिजिओचं कामही करून घ्यायचं, आणि हात नाही सुधारला तर तिने केलं नाही म्हणायचं, हा कुठला न्याय?

तेव्हा यंत्र घरी द्यायचं ते सुनेच्या गळ्यात घालून नको. गावात लग्नाची भांडी असतात तशी पद्धत करा. देवळाच्या नाहीतर मंडळाच्या नावाने मोठी पातेली, पराती असतात, ज्याच्या घरी कार्य तो नेतो, घासून परत आणून देतो. तशी एक पेटी प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवा: कॅमेरा असलेला टॅब, स्टँड, खुर्चीला बांधायचा पट्टा, दोन-चार मराठी खेळ. तीन महिन्यांसाठी एका घरी. आकडे आपोआप फिजिओपर्यंत पोचले पाहिजेत, आणि फिजिओने आठवड्यातून एकदा व्हिडिओवर तोंड दाखवलं पाहिजे. सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवर डॉक्टर दिसतो, तर फिजिओ का नको? सुनेने फक्त टॅब चार्जिंगला लावायचा.

ज्यांना यायचंच आहे त्यांच्या भाड्याचंही बघा. एसटी ७५ वर्षांवरच्यांना फुकट आहे, बायकांना निम्म्या तिकिटात आहे, आणि ही खरोखर उत्तम सोय आहे, माझी ओपीडी त्यावर चालते. पण वारं ५६ व्या वर्षी गेलं आणि पेशंट पुरुष असला की पूर्ण तिकीट. दिव्यांगांची सवलत दाखला मिळाल्यावर, आणि त्यासाठीची तपासणीच आजाराला सहा महिने झाल्यावर होते. तोवर तो दोन-तीन महिन्यांचा काळ कधीच निघून गेलेला. डिस्चार्ज कार्ड दाखवलं की सहा महिने पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत, असं करता येईल का, हे परिवहनवाल्यांना तुम्हीच विचारू शकता.

तुम्हाला हे सगळं एका खासगी ओपीडीवालीचं रडगाणं वाटेल, त्यात तिचाही फायदा असेलच म्हणाल. तर सांगते, सरकारी रुग्णालयात हे नीट चालू झालं तर माझे निम्मे पेशंट तिकडे जातील. जाऊ देत. गुडघे आणि कंबर यांच्यावर माझं भागतं.

एक विनंती. पुढच्या बैठकीत असा प्रस्ताव आला तर मंजुरीआधी कुणीतरी एकाने, सदस्याने नाहीतर त्यांच्या स्वीय सहायकाने, जवळच्या कुठल्याही फिजिओथेरपी विभागात पाऊण तास बसून यावं. सोबत काही आणू नये, हारतुरे नकोत, फोटोवाला नको. पेशंटचा हात किती वेळा उठतो तेवढं मोजावं आणि तो आकडा इतिवृत्तात लिहावा. माझ्याकडे आलात तरी चालेल, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहाला. काउंटर मी देते. कालच नवा सेल घातलाय.

आपली,
तालुक्याच्या गावची एक फिजिओथेरपिस्ट